बॅकअप घेतलाय, पण कशाचा?

डेस्कटॉपवरचं ईमेल प्रोग्रॅमचं चिन्ह पेन ड्राइव्हवर ओढून ‘झाला एकदाचा बॅकअप’ म्हणणाऱ्या माणसाला मी हसत नाही. त्या शॉर्टकटचं वजन जेमतेम दोन किलोबाइट, मग त्यात बारा वर्षांची पत्रं मावली कशी, एवढा प्रश्न त्याला पडायला हवा होता, इतकंच. पण चूक त्याच्या एकट्याची नाही. पत्रं नेमकी कुठे ठेवली आहेत हे कुणाला सहजी कळू नये, अशी तजवीज या प्रोग्रॅमांनी मन लावून केलेली आहे.

थंडरबर्ड उघडा. डावीकडे फोल्डरांची उतरंड दिसते: इनबॉक्स, सेंट, ड्राफ्ट्स, मग आपण उत्साहाच्या भरात काढलेलं ‘महत्त्वाचं’ आणि त्याच्या पोटात ‘खूप महत्त्वाचं’. बघणाऱ्याला वाटतं, कपाट आहे, कप्पे आहेत, कप्प्यांत पत्रं रचलेली आहेत. कपाट-बिपाट काही नाही. डिस्कवर ‘इनबॉक्स’ नावाची एकच फाइल असते, मागे डॉट-काहीही नसलेली, आणि तिच्यात इनबॉक्समधली सगळी पत्रं एकाखाली एक चिकटवलेली असतात. जन्मपत्रिकेची गुंडाळी उलगडावी तशी ही फाइल उलगडत जाते, फक्त इथे एकाच गुंडाळीत हजारो जणांच्या पत्रिका असतात. या पद्धतीचं नाव एमबॉक्स. जन्म १९७० च्या दशकातल्या युनिक्सवर.

एक पत्र कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे ओळखायची खूण काय? ओळीच्या आरंभी इंग्रजीतला ‘फ्रॉम’ हा शब्द आणि पुढे एक मोकळी जागा. बस्स. आता पत्रातलं एखादं साधं वाक्यच ‘फ्रॉम’ने सुरू झालं तर? तर प्रोग्रॅम त्या शब्दाच्या आधी गुपचूप ‘>’ अशी एक खूण ठोकतो, म्हणजे त्याचा स्वतःचाच गोंधळ होऊ नये. जुन्या इंग्रजी पत्रांत मध्येच एखाद्या ‘फ्रॉम’च्या कपाळाला असा बाण दिसला, तर ती लिहिणाऱ्याची लहर नव्हे.

या अजस्र फाइलीशेजारी त्याच नावाची, पण ‘डॉट एमएसएफ’ शेपटीची एक चिमुकली फाइल बसलेली असते. ती अनुक्रमणिका. पडद्यावर जी विषय, पाठवणारा, तारीख अशी नेटकी यादी दिसते, ती हिच्या जिवावर. ही हरवली तर काडीचंही बिघडत नाही, थंडरबर्ड मूळ फाइल वाचून नवी तयार करतो. उलट झालं तर मात्र संपलं. आणि माणसं काय करतात? आकार लहान, नाव तेच, म्हणून नेमकी एमएसएफ फाइल उचलतात. पुस्तक रद्दीत आणि अनुक्रमणिका तिजोरीत.

खरी गंमत डिलीटची आहे. पत्र निवडलं, डिलीटची कळ दाबली, ट्रॅशही रिकामा केला. आपल्या लेखी विषय मिटला. आता ती इनबॉक्स फाइल नोटपॅडसारख्या एखाद्या साध्या एडिटरमध्ये उघडून बघा (तिची प्रत उघडा, मूळ फाइलीला हात लावू नका). पत्र तिथेच आहे, मायन्यापासून सहीपर्यंत शाबूत. त्याच्या माथ्यावर ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ नावाची एक ओळ असते. वाचून झालेल्या पत्रावर तिथे ०००१ असतं, काढून टाकलेल्यावर ०००९. एकाचे नऊ झाले, एवढंच काय ते डिलीट. मधलंच पत्र खरोखर काढायचं तर त्यापुढची सगळी गुंडाळी वर सरकवावी लागेल, आणि दर डिलीटला एवढी उठाठेव कोण करणार? म्हणून नऊचा शिक्का मारायचा आणि पत्र मेलं असं समजायचं. सरकारी कागदपत्रांत जिवंत माणसं मेलेली असतात, इथे मेलेली पत्रं जिवंत असतात.

एका फोल्डरातून दुसऱ्यात ‘हलवणं’ हेही असंच. नव्या फाइलीत नक्कल उतरते आणि जुनीतल्या पत्रावर नऊ पडतात. त्यात अटॅचमेंट असली की बघायलाच नको. ईमेल मुळात अक्षरांसाठी घडवलेलं, म्हणून फोटो किंवा पीडीएफ आधी अक्षरांत उतरवावी लागते. या बेस-६४ पद्धतीत ३ बाइटांची ४ अक्षरं होतात. म्हणजे १५ एमबीची फाइल टपालात २० एमबीहून जास्त भरते. ती इनबॉक्समध्ये आली, तुम्ही ‘खूप महत्त्वाचं’मध्ये हलवली, मग कुणाला तरी फॉरवर्ड केली म्हणून सेंटमध्येही बसली. एका पीडीएफचे ६० एमबी झाले, आणि वर इनबॉक्स रिकामा ठेवल्याचं समाधान!

यावर इलाज म्हणजे ‘कॉम्पॅक्ट’. फोल्डरावर उजवी टिचकी, यादीतून कॉम्पॅक्ट. प्रोग्रॅम जिवंत पत्रं एका नव्या फाइलीत उतरवून घेतो, मग जुनी फाइल टाकून नवीला तिचं नाव देतो. २०० एमबीहून जास्त जागा वाचणार असेल तर थंडरबर्ड हे स्वतःहून सुचवतो किंवा करून टाकतो, सेटिंगवर अवलंबून. यात एक मेख आहे. नवी फाइल पुरती तयार होईपर्यंत जुनीही डिस्कवर असते. तेव्हा ६ जीबीच्या इनबॉक्सला तेवढीच मोकळी जागा हाताशी हवी. आपल्याला कॉम्पॅक्टची आठवण होते ती डिस्क गळ्यापर्यंत भरल्यावर. जागा करायला जागा लागते, हे तेव्हा कळतं. कॉम्पॅक्ट चालू असताना बटण दाबून संगणक बंद करणाऱ्याबद्दल मी काही बोलत नाही, त्याला पुरेशी शिक्षा झालेली असते. बॅकअप आधी, कॉम्पॅक्ट नंतर, एवढा क्रम पाळा.

आता अँटिव्हायरस. हा रखवालदार प्रामाणिक आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याला पत्रं दिसत नाहीत, फाइल दिसते. कुणीतरी पाठवलेल्या बनावट बिलाच्या पत्रात त्याला व्हायरस सापडतो आणि तो ती फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये नेतो. फाइल कोणती? अख्खा इनबॉक्स! सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे एका ठिणगीपायी सगळं गवत कोठडीत जातं. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम उघडला की इनबॉक्स स्वच्छ, शून्य पत्रं. घाबरून नवीन पत्रं मागवत बसू नका. प्रोग्रॅम बंद करा, अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये जाऊन फाइल परत आणा, आणि प्रोफाइलचं फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळा. अटॅचमेंट डिस्कवर उतरवताना तो तपासतोच, त्याची नोकरी काही जात नाही.

प्रोफाइल म्हणजे जिथे हे सगळं राहतं ते घर. विंडोजमध्ये ते ‘अ‍ॅपडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात, आत ‘रोमिंग’, आत ‘थंडरबर्ड’, आत ‘प्रोफाइल्स’, आणि त्यातही नाव कसलं, तर आठ निरर्थक अक्षरं आणि पुढे ‘डॉट डीफॉल्ट-रिलीज’. हा पत्ता पाठ करायची गरज नाही. हेल्प मेनूत ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ आहे, तिथे ‘प्रोफाइल फोल्डर’समोरचं ‘ओपन फोल्डर’ दाबा. घर सापडलं की थंडरबर्ड बंद करा. खिडकी मिटली म्हणजे बंद झालाच असं नाही, तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये एक नजर टाका. चालू प्रोग्रॅमची फाइल उचलली तर लिहिता-लिहिता अर्धवट राहिलेलं वाक्य हाती येतं. मग ते आठ अक्षरी फोल्डर सगळंच्या सगळं उचला. आत ‘मेल’मध्ये पॉपची आणि लोकल फोल्डर्सची (म्हणजे फक्त याच संगणकावर राहणारी) पत्रं असतात, ‘आयमॅपमेल’मध्ये आयमॅपची (पॉप आणि आयमॅप हे पत्रं आणायचे दोन मार्ग, त्यांची गोष्ट पुढे), शिवाय पत्त्यांची वही, नियम, सेटिंग. ‘लॉगिन्स’ आणि ‘की-फोर’ या दोन फाइलींत तुमचे पासवर्डही असतात. या पासवर्डांवर पहारा देणारा प्रायमरी पासवर्ड लावलेला नसेल, तर तो पेन ड्राइव्ह म्हणजे चावी लावून ठेवलेलं कुलूप समजा. टूल्स मेनूतल्या ‘एक्स्पोर्ट’मधून सगळ्याची झिप फाइलही मिळते, पण २ जीबीच्या वर गाडी गेली की ती सोय हात वर करते. आणि बॅकअपची खरी गरज असलेल्यांचा डोंगर २ जीबीच्या आत कधीच नसतो.

फोल्डर पेन ड्राइव्हवर ओढलं. अर्ध्यावर संदेश: फाइल फार मोठी आहे. पेन ड्राइव्हवर तर ५० जीबी मोकळे! मोकळ्या जागेचा प्रश्नच नाही. बरेच पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले येतात, आणि त्या पद्धतीत ४ जीबीहून मोठी एक फाइल बसतच नाही. मैदान रिकामं आहे, पण फाटक अरुंद. तो पेन ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. फॉरमॅट केल्यावर त्यावरचं सगळं पुसलं जातं, हे आधी सांगितलेलं बरं.

‘माझं आयमॅप आहे, सगळं सर्व्हरवर असतं’ असं निर्धास्तपणे सांगणारे बरेच. असतं ना. म्हणूनच तर काळजी. पॉप म्हणजे टपालपेटीतून पत्रं उचलून घरी आणणं, आणि ‘प्रत सर्व्हरवर ठेवा’ ही खूण नसेल तर पेटी रिकामी करून येणं. आयमॅप म्हणजे आरसा. तुम्ही इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, तिथे कुणी पुसलं की इथेही. आरशाला बॅकअप म्हणायचं तर प्रतिबिंबालाही जामीन ठेवता आलं पाहिजे. शिवाय ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’मध्ये या संगणकावर पत्रं ठेवायची खूण काढलेली असली, किंवा फक्त शेवटच्या ३० दिवसांची मर्यादा घातलेली असली, तर डिस्कवर जुन्या पत्रांचे नुसते मायने असतात, मजकूर नाही. आयमॅपवरचं जे खरंच जपायचं ते ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करा. मूव्ह नव्हे, कॉपी. खात्याची मुदत संपली, तरी लोकल फोल्डर्सना त्याचं सोयरसुतक नसतं.

मायक्रोसॉफ्टच्या क्लासिक आउटलुकवाल्यांचं (संगणकावर बसवायचं जुनं आउटलुक) दुखणं वेगळं. तिथे सगळे फोल्डर, कॅलेंडर, पत्ते, सगळं एकाच पीएसटी फाइलीत. आउटलुक २००२ पर्यंत या फाइलीची मर्यादा २ जीबी होती, आणि ती ओलांडली की फाइल उघडायची बंद व्हायची. २००३ मध्ये नवा साचा आला, २० जीबीचा. २०१० पासून ५० जीबी. वाढली म्हणून भरू नये असं मात्र कुणी मनावर घेत नाही. फाइल दुखावली तर ‘स्कॅनपीएसटी’ नावाचा वैद्य आउटलुकबरोबरच येतो, पण शस्त्रक्रियेआधी फाइलीची प्रत काढून ठेवा. दुसरी शेपटी ओएसटी. ही सर्व्हरवरच्या खात्याची स्थानिक सावली. ती उचलून दुसऱ्या संगणकावर नेली तर तिथलं आउटलुक तिला ओळख दाखवत नाही. बॅकअप हवा तर फाइल मेनूतून ‘ओपन अँड एक्स्पोर्ट’, मग ‘इम्पोर्ट/एक्स्पोर्ट’, मग ‘एक्स्पोर्ट टू अ फाइल’, मग पीएसटी. फोल्डर निवडताना सगळ्यात वरचं खात्याचं नाव निवडा आणि ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’वर खूण आहे ना ते बघा. नुसता इनबॉक्स निवडून ‘फिनिश’ दाबणाऱ्यांचं सेंट पुढे कुणालाच सापडत नाही. या एक्स्पोर्टमध्ये नियम आणि ब्लॉक केलेल्यांची यादी येत नाही, तेव्हा जुने त्रासदायक लोक नव्या संगणकावर पुन्हा भेटतील. आणि पीएसटी नेटवर्कवरच्या किंवा क्लाउडशी जुळणाऱ्या फोल्डरात ठेवून ‘आपोआप बॅकअप होतो’ म्हणू नका. उघडी फाइल एकीकडून आउटलुक लिहितं, दुसरीकडून सिंक ओढतं.

मॅकवरचं मेल त्यातल्या त्यात शहाणं. एका पत्राची एक ‘इएमएलएक्स’ फाइल. मेलबॉक्स मेनूतून ‘एक्स्पोर्ट मेलबॉक्स’ केलं की एमबॉक्स हातात.

बॅकअप एकच ठेवून त्यावरच दर रविवारी नवा चढवणं हा आणखी एक घातक शिस्तीचा प्रकार. समजा शुक्रवारी इनबॉक्स शून्य बाइटांचा झाला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. रविवारी शिस्तीने चांगल्या ६ जीबीवर शून्य चढलं. तेव्हा तारखेच्या नावाचे निदान दोन-तीन बॅकअप आलटून-पालटून ठेवा, आणि त्यातला एक त्या संगणकाच्या खोलीबाहेर. एमबॉक्सची अडचण अशी, की २ केबीचं एक पत्र आलं तरी ६ जीबीची फाइल ‘बदलली’ ठरते आणि बॅकअपचा प्रोग्रॅम बहुधा ती पुन्हा सगळी उचलतो. म्हणून मी म्हणतो, दर वर्षाचा एक वेगळा फोल्डर करा आणि संपलेल्या वर्षाला हात लावू नका.

बॅकअप चालतो की नाही, हे बघायला संगणक जळायची वाट बघायला नको. बॅकअपमधल्या ‘इनबॉक्स’ फाइलीची एक प्रत काढा, तिचं नाव ‘तपासणी’ ठेवा (नाव बदलायला विसरलात आणि तिथे आधीच इनबॉक्स असला, तर त्यावर जुना बसेल), थंडरबर्ड बंद असताना ती प्रोफाइलमधल्या ‘मेल’च्या आतल्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये टाका, आणि थंडरबर्ड उघडा. डावीकडे ‘तपासणी’ नावाचा फोल्डर दिसेल. त्यावर टिचकी मारा. यादी काही वेळ कोरीच राहते, कारण अनुक्रमणिका पहिल्यापासून बांधली जात असते. पुन्हा पुन्हा टिचक्या मारू नका. मग एकदम पत्रं उतरायला लागतात. सगळ्यात जुनं पत्र उघडा, मधलं एखादं उघडा, आणि अटॅचमेंट असलेलं एक उघडून ती अटॅचमेंट खरंच उघडते का ते बघा.