नुकसान मोजायला आलेला माणूस कोणाचा?

पावसाळा तोंडावर आला की आमच्या चिपळूणवाल्या नातेवाईकांच्या ग्रुपवर दरवर्षी एक वाद ठरलेला असतो, तो यंदाही झाला. एकाने लिहिलं की विम्याचा क्लेम काढून देणारे कन्सल्टंट असतात, मिळालेल्या पैशातले वीस टक्के घेतात पण काम करून देतात. त्यावर काका भडकले, म्हणाले हे दलालच, आमच्या बुडालेल्या दुकानावर कमिशन खाणार. भाच्याचं म्हणणं की विमा हीच मुळात लूट, भरपाई सरकारने द्यावी. शेवटी मामेभाऊ म्हणाला, "अगं, तुमच्या घराचं झालं तेव्हा तू असा माणूस ठेवला होतास ना, सांग की जरा." दोन ओळींत सांगण्यासारखं नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासमध्ये ती भयंकर थंडी पडली, इथे पारा उणे दहापर्यंत गेला आणि लाईट गेली ती गेलीच. इथल्या बऱ्याच घरांत पाण्याचे पाईप वर अटिकमधून, म्हणजे छताखालच्या माळ्यातून जातात, ते गोठून फुटतात, पण फुटलेत हे कळतं बर्फ वितळल्यावर. आम्हाला कळलं सकाळी, किचनचं सीलिंग धप्पकन खाली आलं तेव्हा. इन्सुलेशनचा करडा लगदा ओट्यावर, गॅसवर, पोळ्यांच्या डब्यात, सगळीकडे, आणि वरून पाणी चालूच. नवरा बाहेर मेन व्हॉल्व्ह शोधत होता आणि मी दोन मुलांना घेऊन जिन्यावर बसले होते.

इन्शुरन्स कंपनीचा अ‍ॅडजस्टर, म्हणजे नुकसान मोजणारा माणूस, आठ दिवसांनी व्हिडिओ कॉलवर भेटला, राज्यभर लाखो घरांची तीच गत होती त्यामुळे उशिराबद्दल माझी तक्रार नाही. माणूसही चांगला होता. पण त्याने फोनच्या कॅमेऱ्यातून दिसलं तेवढंच मोजलं. पडलेलं सीलिंग, एक भिंत, आणि लाकडी फ्लोअरचा फुगलेला तेवढाच तुकडा. त्यातून घसारा कापला, डिडक्टिबल, म्हणजे आपण स्वतः सोसायचा वाटा, कापलं आणि 19 हजार डॉलरचा चेक आला, तोही आमच्या आणि होम लोनवाल्या बँकेच्या जोडनावाने. काँट्रॅक्टरने एस्टिमेट बघून मान हलवली, एवढ्यात होणार नाही म्हणाला.

तेव्हा ऑफिसमधल्या एकीने सांगितलं की पब्लिक अ‍ॅडजस्टर ठेव. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. कंपनीचा अ‍ॅडजस्टर कंपनीकडून पैसे घेतो, स्टाफवर असो की बाहेरचा असो. पब्लिक अ‍ॅडजस्टर पॉलिसीवाल्याकडून, म्हणजे आपल्याकडून घेतो. त्याला राज्याचं लायसन्स लागतं आणि ते टेक्सासच्या इन्शुरन्स खात्याच्या साईटवर कोणालाही तपासता येतं. टेक्सासमध्ये तो क्लेमच्या रकमेच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेऊच शकत नाही. सही केल्यावर 72 तासांत करार रद्द करता येतो. आणि दुरुस्तीच्या कामात त्याचा हिस्सा असून चालत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मोजणाराच बांधणारा असेल तर तो आकडा कोणाच्या सोयीचा येणार हे सांगायला नको. एका रूफिंग कंपनीने या नियमाविरुद्ध केस लढवली होती, जून 2024 मध्ये टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने इन्शुरन्स खात्याच्या बाजूने निकाल दिला.

आमचा माणूस साठीचा असेल. आला आणि पहिला तासभर एकही प्रश्न न विचारता फक्त भिंतींना ओलावा मोजायचं मीटर टेकवत फिरला. किचनच्या कॅबिनेटला हात लावून म्हणाला, ही काढा. आम्ही म्हटलं ही तर कोरडी आहेत, तरी एक काढलं, आणि मागची भिंत पार काळी पडलेली, बुरशीचा वास नाकात गेला. त्या भिंतीला टेकून माझी मुलं रोज डबे भरत होती! फ्लोअरचंही त्याने पॉलिसीतलं कलम दाखवून मांडलं, की सलग हॉलमध्ये अर्धी फ्लोअर नवी अन अर्धी जुनी लावून घर पूर्ववत होत नाही. कंपनी वापरते त्याच सॉफ्टवेअरमध्ये त्याने खिळ्यापासून रंगापर्यंत एकेक ओळ लिहिली, चाळीसेक पानं झाली असतील. चार महिने लागले, पण एकूण रक्कम 46 हजारांवर गेली.

आता काकांच्या मुद्द्यावर येते, कारण तो खोटा नाही. पब्लिक अ‍ॅडजस्टरची फी इन्शुरन्स देत नाही, ती दुरुस्तीच्या पैशातूनच जाते. म्हणून आम्ही करारात लिहून घेतलं होतं की आधी मिळालेल्या 19 हजारांवर फी नाही, फक्त वाढीव रकमेवर. हे मागावं लागतं, कोणी आपणहून देत नाही. लहानसहान क्लेमला असा माणूस ठेवू नये असंच मी सांगेन, आधी कंपनीचा आकडा येऊ द्यावा, काँट्रॅक्टरकडून स्वतंत्र एस्टिमेट घ्यावं, फरक मोठा असला तरच. घर पूर्णच गेलं असेल तर तर अजिबात घाई नको, कारण नुकसान कळवल्यापासून 72 तासांत कंपनीने पॉलिसीची पूर्ण रक्कम कबूल केली तर टेक्सासचा कायदा त्याला टक्केवारी घेऊच देत नाही. गारपीट झाली की क्लेम काढून देतो म्हणत दारोदार फिरणारे इथेही आहेत. फ्लोरिडात तर आणीबाणी जाहीर झालेल्या वादळाच्या क्लेमला पहिलं वर्षभर दहा टक्के आणि एरवी वीस टक्के अशी मर्यादा कायद्याने घातलीय, ती उगाच घातलेली नाही.

आमच्या घराचं झालं त्याच वर्षी, 22 जुलै 2021 ला, चिपळूणला पुराचं पाणी आलं. दादाचं बाजारपेठेत कापडाचं दुकान, वरच्या फळीपर्यंत वाशिष्ठीचा गाळ. साड्या पिळल्या तर चिखल निघत होता म्हणे. सर्व्हेअर आला, कंपनीने नेमलेला, कंपनीच त्याची फी देणार. त्याने खरेदीची बिलं मागितली, ती गाळात. दादाने जीएसटीचे रिटर्न डाऊनलोड केले, इचलकरंजी आणि सुरतच्या व्यापाऱ्यांना फोन करून बिलांच्या कॉप्या मागवल्या, हे सगळं हातात खराटा असताना. आणि मग कळलं की माल वीस लाखांचा आणि विमा बाराच लाखांचा, त्यामुळे जेवढं नुकसान मोजलं त्याच्या साठ टक्केच मिळणार. अंडरइन्शुरन्स हा शब्द दादाने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, हप्ता मात्र दहा वर्षं भरत होता. मी सर्व्हेअरला दोष देत नाही, पण त्या दुकानात दादाच्या बाजूने पॉलिसी वाचलेलं कोणीच नव्हतं.

सगळं इकडेच चांगलं असंही नाही हं. 2021 पासून आपल्याकडे भारत गृह रक्षा ही जी घराची पॉलिसी आली तिच्यात पूर येतो, आमच्या इथे घराच्या पॉलिसीत पूर येतच नाही, तो वेगळा घ्यावा लागतो आणि घेतल्यावर सहसा तीस दिवस थांबावं लागतं. 2017 च्या हार्वे वादळात आमच्या गल्लीतली कितीतरी घरं याच कारणाने भरपाईविना राहिली. आपला विमा लोकपाल तर मला इथल्यापेक्षा सरस वाटतो, फी नाही, वकील नाही, 50 लाखांपर्यंतची तक्रार आणि दादासारख्या छोट्या दुकानदारालाही दार उघडं. पण लोकपालाकडे जायचं ते कंपनीशी बिनसल्यानंतर. पहिल्या दिवशी चिखलात उभं राहून जे मोजलं जातं त्यावरच पुढचं सगळं ठरतं, आणि तिथे विमेदाराच्या बाजूने मोजणाऱ्यासाठी पब्लिक अ‍ॅडजस्टरसारखं वेगळं लायसन्स आपल्याकडे नाही.

म्हणून भाच्याला सांगते, सरकारी पंचनामा हवाच, पण त्यातून साड्यांचे पैसे निघत नाहीत. आणि काका, दलाल आत्ताही आहेतच, फक्त त्यातल्या बऱ्याच जणांना लायसन्स नाही, फीला मर्यादा नाही, फसवलं तर कोणाकडे जायचं तेही ठरलेलं नाही. त्यांना हाकलून दुकानदार एकटाच राहतो. आयआरडीएआयने, म्हणजे आपल्याकडच्या विमा नियामकाने, त्यांना नियमात बांधावं, फीची मर्यादा घालावी, दुरुस्तीवाल्यांशी संबंध तोडायला लावावा.

ते होईल तेव्हा होईल. दादाने विम्याची रक्कम मालाएवढी करून घेतलीय आणि दर महिन्याच्या एक तारखेला दुकानातल्या फळ्यांचा व्हिडिओ आणि नव्या बिलांचे फोटो मला पाठवतो. मी ते इथे तारखेनुसार फोल्डर करून ठेवते. जूनचे आले, परवाच.