तीन अक्षरी बिलंदर

कोणाला किती इंग्रजी येतं हे लोक मोठमोठ्या शब्दांवरून ठरवतात. लांबलचक स्पेलिंग घडाघडा म्हणणाऱ्याचं केवढं कौतुक! मला विचाराल तर लांब शब्द बिचारे गरीब असतात. एक अर्थ, फार तर दोन. खरा छळ करतात ती टीचभर, तीन-तीन अक्षरांची कार्टी. आणि त्यांच्यातलं सगळ्यात बिलंदर म्हणजे 'रन'.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद 'सेट'ची होती. पुढे नव्या आवृत्तीसाठी 'रन' तपासायला घेतला, तर पीटर गिलिव्हर या कोशकाराचे नऊ महिने त्यातच गेले. 2011 मध्ये आकडा बाहेर आला : नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ.

आता 645 ऐकून घाबरायचं कारण नाही. कोशकार बारीक चाळणीने चाळतात, म्हणून आकडा फुगतो. नळाचं पाणी, सर्दीतलं नाक, धुताना उतरणारा कपड्याचा रंग, तिघांनाही 'रन'च. मुळात वाहणं एकच. दुकान, यंत्र, प्रोग्राम यांचं 'रन' म्हणजे सुरू राहणं. अशी चार-सहा मुळं हाताला लागली की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं. यादी पाठ करायला लावणाऱ्यांचं मला म्हणूनच नवल वाटतं.

गंमत म्हणजे पळणं यात कुठच्या कुठे मागे पडलंय. चौकार गेला की फलंदाज बॅटला टेकून उभा राहिला तरी चार रन! सप्टेंबर 2007 मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेसमोर लोक पैसे काढायला तासन् तास रांगेत उभे होते. इंग्रजीत त्याला म्हणतात बँकेवरचा 'रन'. मार्च 2023 मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढायला घेतले. बरेचसे घरबसल्या, फोनवरून. तोही 'रन'च.

निवडणुकीचं तर विचारूच नका. अमेरिकेतला उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमधला 'स्टँड' करतो. एक पळतो, एक उभा राहतो, आणि दोघंही मागतात मतंच! आपलेही उभेच राहतात म्हणा.

मराठीत यातली बरीच कामं 'चालणं' करतं. घड्याळ चालतं, दुकान चालतं, खटला चालतो, फाटकी नोट चालत नाही. इंग्रजीने पळवलेलं आपण निवांत चालवतो. तरी 'प्रोग्राम चालव' म्हणणारा सॉफ्टवेअरवाला मला अजून भेटायचाय. सगळे 'रन कर'च म्हणतात. म्हणोत बापडे, आपलं काही अडत नाही.

पण 'रन'ला खरी टक्कर देईल ते आपलं 'लागणं'. भूक लागते, आग लागते, लग्न लागतं, निकाल लागतो, नोकरी लागते, डोळा लागतो, वाट लागते. मराठीत याचे अर्थ कोणी बसून मोजलेत का? मोजले असतील तर आकडा खाली टाका. 645च्या पुढे गेला तर पार्टी माझ्याकडे लागली.