सायलेन्सरला पट्ट्या लावून मायलेज दुप्पट होत नाही

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: ‘इंजिन ७० टक्के इंधन उष्णता म्हणून फुकट घालवतं. सायलेन्सरवर थर्मोइलेक्ट्रिक (उष्णतेची वीज करणाऱ्या) पट्ट्या बसवा, मायलेज दुप्पट. कंपन्यांनी हे तंत्र दाबून ठेवलंय.’ वाचून कुणी पदरचे पैसे घालू नयेत, म्हणून लिहितोय.

७० टक्क्यांचा आकडा ढोबळमानाने बरोबर आहे. जवळपास निम्मी उष्णता सायलेन्सरवाटे जाते, निम्मी रेडिएटरवाटे. पण गेलेली सगळी परत मिळत नाही. रेडिएटरचं पाणी ९० अंशांच्या आसपास असतं. कुकरमध्ये ९० अंशांचं पाणी कितीही वेळ ठेवा, शिट्टी होणार नाही. उष्णता भरपूर, जोर नाही. बाहेर ३० अंश असतील तर त्या उष्णतेच्या सहाव्या हिश्शाहून जास्त काम आदर्श यंत्रालाही काढता येत नाही. हा निसर्गाचा नियम आहे.

आता ‘दुप्पट’चा हिशेब मांडू. गाडी ताशी ८० किलोमीटरने जातेय आणि लिटरला २० देतेय. म्हणजे तासाला ४ लिटर पेट्रोल, सुमारे ३५ किलोवॉट उष्णता. त्यातली धुरातून जाते साधारण १२ किलोवॉट. बाजारातल्या पट्ट्या फार तर ५ टक्के उष्णतेची वीज करतात. सगळा धूर पकडला असं धरलं तरी हाती येतात ६०० वॉट, म्हणजे ०.६ किलोवॉट, आणि इंजिन तेव्हा ९-१० किलोवॉट देत असतं. शिवाय धुराच्या वाटेत काहीही अडवलं की तो बाहेर ढकलायला इंजिनालाच जास्त जोर लागतो. सिग्नलला थांबलात की धुराची उष्णताही उतरते.

दाबून ठेवलंय म्हणाल, तर बीएमडब्ल्यूने धुरावर वाफ करून चालणारी यंत्रणा २००५ साली जाहीरपणे दाखवली होती. विक्रीच्या गाडीत ती आली नाही. फॉर्म्युला वनच्या गाड्या २०१४ ते २०२५ धुराच्या टर्बाइनवर वीज करत होत्या. आणि डिझेल गाडीतला टर्बो? तोही धुरातली ऊर्जाच वापरतो. त्याचं पेटंट १९०५ सालचं.

ही उष्णता खरोखर कामी येते ती इंजिन तासन्‌तास एकाच लोडवर चालतं तिथे. मोठ्या जहाजांवर धुराच्या वाटेतच बॉयलर असतो. त्याच्या वाफेवर जाड इंधन तेल तापवून पातळ करतात. जनरेटरच्या धुरावर आणि गरम पाण्यावर इमारती थंड करणारी यंत्रं तर आपल्या पुण्यातलीच थरमॅक्स बनवते.