फायटर घेताय? मग तोंड मिटून बसा

शनिवारी संध्याकाळी बेळगावात टिळकवाडीत कुणाच्या तरी माडीवर डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे एकेक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट खेळायचा, डाव बसणार असेल आणि तुम्ही फायटर, म्हणजे लढवय्या, घ्यायचं ठरवलं असेल, तर आधी मोबाइल पूर्ण चार्ज करा. डाव चार तासांचा, मारामारी तासाभराची. उरलेले तीन तास काढायचेत.

फायटरने लढाईबाहेर काही करायचं नसतं, हे आता शेंबडं पोरही सांगेल. १९७४ साली हा खेळ निघाला तेव्हा पात्रांचे वर्ग मोजून तीन होते: लढवय्या, जादूगार, धर्मगुरू. सापळे हुडकायचं, कुलपं खटपटायचं काम तेव्हा जो तो डोकं चालवून करायचा. पुढच्या वर्षी चोर आला, आणि ही कामं आपल्याला येत नाहीत असा बाकीच्यांना साक्षात्कार झाला. तेव्हापासून सुखी आहोत.

२०१४ च्या आवृत्तीत फायटरला दोन स्किल मिळतात, रोगला, म्हणजे त्याच चोराला, चार. त्या दोनात ‘इतिहास’ घेता येतो, पण घेऊ नका. आपल्या सीमाभागात इतिहास येणारा माणूस १९५६ वर आला की उठत नाही. रात्र तिथेच जाते. जुन्या नियमांत नवव्या लेव्हलचा फायटर गढी बांधायचा, पदरी माणसं ठेवायचा, रयतेकडून सारा घ्यायचा. येळ्ळूरचा राजहंसगड बघून तुम्हाला तसलं काही सुचलंच, तर पाणी प्या, जाईल.

डीएमसाठीही, म्हणजे डाव चालवणाऱ्यासाठीही, एक सल्ला. भिंत चढायची असेल तर फायटरला फासा टाकायलाच लावा. तिसऱ्या लेव्हलचा गडी, ताकद अठरा, चढण्यात तरबेज, म्हणजे वीस बाजूंच्या फाशात सहा मिळवायचे. भिंतीला बेरीज पंधराच लागत असली तरी वीसात आठ वेळा तो वर जाणार नाही. विझार्डला, म्हणजे जादूगाराला, मात्र काही विचारू नका. त्याने कोळ्यासारखं चढायचा स्पेल म्हटला की तो वर. त्याला फासा कशाला? शिकलेला माणूस.

२०२४ च्या आवृत्तीत फसलेल्या चाचणीत फायटर आपला राखीव दम खर्चून दहा बाजूंचा फासा वाढवू शकतो. हे त्याला कळू देऊ नका.

आणि गल्लीतल्या तालमीचा वस्ताद तर अजिबात आठवू नका. आयुष्यभर कुस्ती केलेला माणूस. मुरगळलेला पाय हातात घेतो, तुम्हाला तिसरंच काहीतरी विचारतो आणि तुम्ही उत्तर देईपर्यंत पाय बसलेला असतो. दोन भावांच्या वाटणीत त्याला बोलावतात, कारण तो आवाज चढवत नाही. विसर्जनाच्या रात्री मूर्ती कपिलेश्वर तलावाकडे निघाली की कुठल्या वळणावर ट्रॉली कलणार, हे तो चार घरं आधी सांगतो. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे, हे बघण्यात जन्म गेलाय त्याचा. पण नियमपुस्तकात ‘वजन ओळखणे’ असं स्किल नाही. म्हणजे बिचाऱ्याला काही येत नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. डावात वेशीवरच्या पहारेकऱ्याला पटवायचं होतं. बार्ड, म्हणजे गाणारा भाट, घेतलेला गडी जोरात गाणं म्हणत होता. त्याच्या पात्राचं मन वळवण्याचं स्किल अधिक सात. तेवढ्यात खालच्या घरमालकीणबाई जिना चढून आल्या आणि दारातूनच कन्नडमध्ये सुरू झाल्या. बार्डवाला पडद्यामागे. विझार्डवाला पुस्तकात. फायटरवाला उठला, हातातला पेन्सिलीचा तुकडा कानावर ठेवला आणि म्हणाला, “अक्का, ऐदे निमिष.” पाचच मिनिटं. मग चौकशी: गुडघा कसा आहे, मुलगा हुबळीहून आला का, गच्चीतली गळती थांबली का. ती थांबली नव्हती. रविवारी येऊन बघतो म्हणाला. दहा मिनिटांनी बाईंनी वर मिरची भजी पाठवली, ताट भरून.

भजी खाऊन डाव परत सुरू झाला. फायटरवाला म्हणाला, “त्या पहारेकऱ्याशी मी बोलू काय?”

डीएमने त्याच्या कागदावर बोट ठेवलं. “करिश्मा आठच आहे तुझा. गप बस की.”

तो बसला. बार्डवाल्याने फासा टाकला, एक आला, आणि आम्हा सगळ्यांना अटक झाली.