डोळो तो डोळो

आमच्या बंड्या कुत्र्याचा डोळा बरा होतोय आणि त्याचं श्रेय गावाने तात्यांना देऊन टाकलंय. पाणंदीत भेटेल तो सांगतो, ‘तात्यांच्या हाताला गुण आहे हो!’

बंड्या सड्यावरच्या वाळक्या गवतात नाक खुपसून आला होता. संध्याकाळी उजवा डोळा अर्धा मिटलेला, पाण्याची धार, पंजाने चोळणं चालू आणि दिवा लावला की तोंड फिरवणार. सलाईनने डोळा धुतला आणि सकाळी गुरांच्या दवाखान्यात हजर झाले. आमचा नंबर म्हशींच्या मागे. पुढे बोकड धरून तात्या.

“कुत्र्याक काय झाला गो?”

“डोळा उघडत नाहीये.”

तात्यांनी बंडीच्या खिशातून एक चिकट बाटली काढली. “मोतीबिंदूच्या ऑपरेशनातलो ड्रॉप. अर्धो उरलो हा. घाल दोन थेंब.”

ऑपरेशन शिमग्याच्या आधीचं. असली बाटली उघडली की महिन्याभरात टाकायची असते.

“तात्या, तो माणसांचा आहे.”

“डोळो तो डोळो! माणसाचो काय नि कुत्र्याचो काय!”

“ह्यात स्टिरॉइड आहे. बुबुळाला जखम असली तर चिघळेल.”

“मगे माका कसो गुण इलो? माका हयसून देवगडची बत्ती दिसता!” असं म्हणून त्यांनी समोरच्या पाटीकडे बोट केलं. “तेवढा वाच गो, डॉक्टर कधी येतत ता.”

मी वाचलं. तेवढ्यात ते बाटलीचं झाकण उघडून बंड्याजवळ पोचले होते. मी मध्ये हात घातला, थेंब माझ्या बाहीवर पडले आणि रांगेतल्या सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी देवळातलं तीर्थ सांडलं.

डॉक्टरांनी बधिर करणारे थेंब टाकून आतली तिसरी पापणी उचलली, तर मागे कुसळ! म्हणीत दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ लगेच दिसतं. इथे चिमटा लागला. मग जखम दाखवणाऱ्या रंगाची नारिंगी पट्टी ओली करून डोळ्याला लावली. निळ्या उजेडात बुबुळावर हिरवा ठिपका चमकला, म्हणजे ओरखडा.

“विष वर इला!” दारातून तात्या.

डॉक्टर म्हणाले, “ह्यात स्टिरॉइड गेलं असतं तर डोळा जाऊ शकला असता.” हे ऐकायला नेमके तात्या नव्हते; बोकड पळाला होता.

अँटिबायोटिक थेंब मिळाले. डोळा चोळू नये म्हणून गळ्यात घालायची कॉलर मात्र अख्ख्या बाजारात नाही. शेवटी रंगाच्या बादलीचा तळ कापला. उद्या काही गंभीर निघालं तर घाट चढून कोल्हापूर गाठायचं, गाडीत ओकणाऱ्या कुत्र्यासकट. इथे आंब्याच्या तुडतुड्यावर सल्ला द्यायला माणसं दारात येतात. कुत्र्याच्या डोळ्याला फक्त तात्या.

तात्या काल आलेच. “बालदी कित्याक घातलंस गो तेच्या मानेत? माझो ड्रॉप घातलंस मां? बघ, उघडलो डोळो!”

बंड्याने त्यांच्यासमोर बादलीसकट लोळण घेतली. दिवसातून चारदा थेंब घालणाऱ्या माझ्यावर तो गुरगुरतो.