एक स्टार देणाऱ्या ग्राहकांना दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पीसीचं तापमान अजून 45 वरून 70 वर उड्या मारतं, एक आकडा तर 127 दाखवतो, आणि "नुसती धूळ झटकायला चार दिवस पीसी अडवून ठेवला" असं तुम्ही लिहिलंय. बाकीचं सोडा, पण ते 'चार दिवस' जिव्हारी लागलं.

पीसी आला शनिवारी संध्याकाळी साडेसातला. शटर अर्धं ओढलेलं, ते वर करून घेतला. रविवारी दुकान बंद असतं, तसं पाटीवर लिहिलेलं आहे. बुधवारी जेवणाआधी तुम्ही घेऊन गेलात. म्हणजे कामाचे दिवस अडीच. त्यात सोमवारी दुपारभर लाईट नव्हती. मालवणात कोणाकडेच नव्हती, तुमच्याकडेही नसणार.

सोमवारी सकाळी टेबलावर आडवा ठेवून उघडला. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा कूलर (गार ठेवणारा पंखा) यांच्यामध्ये उष्णता वाहून न्यायला पेस्ट असते, ती जुनी पेस्ट खडूसारखी वाळलेली, पंख्याखाली तांबडी माती आणि दमट हवा मिळून नुसता लगदा. साफ केलं, नवीन पेस्ट लावली, तासभर पूर्ण जोरात चालवला, तापमान 60 च्या वर गेलं नाही. तुम्हाला फोन करणार, म्हणून उभा करून ठेवला, तर पाच मिनिटांत 90 पार. परत आडवा, परत गार. शेवटी आमचा पोरगाच म्हणाला, "दादानू, हो उभो केलो काय तापता!"

तुमचा कूलर चार प्लास्टिकच्या पिनांवर बसतो. त्यातली एक टोकाला चिरलेली होती. दाबली की 'टक्' वाजायची, पण धरत नव्हती. आडवा असताना कूलर स्वतःच्या वजनाने प्रोसेसरवर टेकतो. उभा केला की तो कोपरा सुटतो. पिना कोल्हापूरहून एसटीने मागवल्या, मंगळवारी संध्याकाळी आल्या. त्यानंतर रात्री साडेनऊपर्यंत तो पीसी उभा ठेवून मी समोर बसलो होतो. धूळ झटकायचे पैसे घेतलेलेच नाहीत, पावती बघा.

आता आकडे. ब्राउझर उघडताच क्षणभर 70 होऊन खाली येणं हा बिघाड नाही. सेन्सर प्रोसेसरच्या आतच असतो, प्रोसेसरवर काम पडलं की लगेच दाखवतो. तुमचा प्रोसेसर 100 च्या आसपास गेला की स्वतःच वेग कमी करतो. 127 हा बोर्डावरच्या, काहीच न जोडलेल्या सेन्सरचा आकडा. खरंच 127 झालं असतं तर पीसी केव्हाच बंद पडला असता. शिवाय तुमच्याकडे तापमान बघायची दोन सॉफ्टवेअर एकदम चालू होती. दोघं एकाच चिपला विचारत बसली की आकडे वेडेवाकडे येतात. एक बंद करा, असं मी काउंटरवर सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही फोनवर होतात.

चूक आमचीही आहे. मंगळवारी तुम्हाला कळवायला हवं होतं, राहून गेलं. यापुढे काम लांबलं तर मेसेज टाकायचं बघतोय, आणि पावतीवर काय काय केलं तेही थोडं लिहू. अकरा वर्षं याच बाजारपेठेत बसतोय, लोक अभिप्राय वाचूनच येतात, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं.

शंका असेल तर पीसी घेऊन या, तुमच्यासमोर उभा ठेवून तासभर चालवून दाखवतो, पैसे नकोत. फक्त शनिवारी शटर ओढताना नको, एवढी विनंती.