क्लोई प्राइसला नापास कसं करावं

'लाइफ इज स्ट्रेंज' हा व्हिडिओ गेम खेळायला घेतलात ना? मग सुरू करायच्या आधीच मनाशी ठरवून टाका की त्यातली क्लोई आपल्याला आवडणार नाही. अवघड काही नाही. फ्रान्सच्या डोंटनॉडने 2015 साली गेम काढला तेव्हापासून जाणकार मंडळी हेच करत आली आहेत. 2018 पासून तर तो अँड्रॉइडवरही आहे, म्हणजे साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा येईपर्यंत फोनवरच्या फोनवर पोरीचा निकाल लावता येतो.

सुरुवात केसांपासून करा. निळे केस, गळ्यात बंदुकीच्या गोळ्यांची माळ, तोंडात सिगरेट, शाळेतून काढून टाकलेली, वर आईला उलट उत्तरं. एवढ्यावर साताऱ्यात बरीच स्थळं मोडली आहेत. तुम्हाला तर नुसतं मत द्यायचंय. पाच भागांतले पुढचे चार खेळलात काय, न खेळलात काय.

मात्र गेमवाले लबाड आहेत, मधेमधे माहिती पेरत जातात. क्लोईचा बाप विल्यम 2008 मध्ये बायकोला दुकानातून आणायला गाडी घेऊन निघाला आणि अपघातात गेला. पोरगी चौदा वर्षांची. त्याच सुमारास जिवाभावाची मैत्रीण मॅक्स आईबापांबरोबर सिएटलला राहायला गेली. इथं जीव थोडा हलतो. हलू देऊ नका. आपल्याकडे दुःखाला मुदत असते. माहुलीला नदीवर जाऊन आलं, दहावा-तेरावा झाला, की पाहुणे चपला घालता घालता सांगतातच, "आता सावर गं, आईकडं बघ." क्लोईला पाच वर्षांतही सावरता आलं नाही. तेवढ्या काळात आपली पोरं पदवी घेऊन एमपीएससीचे दोन-तीन प्रयत्न करून मोकळी होतात!

आता मॅक्स, म्हणजे गेममध्ये जिच्या रूपात तुम्ही खेळता ती. मॅक्स आवडून घ्या. लाजरी, मऊ बोलणारी, कॅमेरा घेऊन फुलपाखरांमागे हिंडणारी. तिनं या पाच वर्षांत मैत्रिणीला धड एक मेसेज केला नाही. आर्केडिया बेला, म्हणजे दोघींच्या गावी, परत येऊन महिना झाला तरी तिच्या घराकडे फिरकली नाही. पण स्वभावच भिडस्त तिचा, त्याला ती काय करणार? शिवाय मॅक्सला वेळ मागे फिरवता येते. ती चुकीचं बोलते, समोरचा दुखावतो, तुम्ही बटण दाबता आणि ती शहाण्यासारखं बोलते. म्हणून ती समंजस. क्लोई जे बोलते ते एकदाच, आणि बोललं की बोललं. हा फरक लक्षात आलाच तर ताबडतोब विसरा. आधीची गोष्ट सांगणाऱ्या 2017 च्या 'बिफोर द स्टॉर्म' गेमच्या तर वाटेलाही जाऊ नका. त्यात सोळा वर्षांची क्लोई तुमच्या हातात येते. वेळ-बिळ फिरवायची सोय नाही, समोरच्यावर तोंड टाकून वेळ मारून न्यायची, एवढंच तिचं हत्यार. दोन तास ते हत्यार चालवलंत की हात आपोआप नरम पडतो.

खेळताना आई खोलीत असणार नाही याची खात्री करा. हे फार महत्त्वाचं. पहिल्या भागात क्लोईच्या खोलीत सावत्र बाप येतो. डेव्हिड, माजी सैनिक, शाळेचा सुरक्षा प्रमुख, स्वतःच्या घरातसुद्धा कॅमेरे लावून ठेवणारा. मॅक्स कपाटात लपलेली. तुम्ही पुढं येऊन दोष अंगावर घ्यायचा की कपाटातच थांबायचं, हे तुमच्या हातात. थांबलात तर तो तिच्या थोबाडीत मारतो. आपण कपाटाच्या फटीतून बघत राहतो. आणि नेमकी त्याच वेळी मागं घेवडा निवडत बसलेली आई विचारते, "बाप गेलाय होय हिचा?" तुम्ही म्हणता, हो, सावत्र आहे हा. आई शेंगेची शीर ओढते. "आणि ही कपाटातली पाच वर्षं कुठं होती?" झालं. गेमच्या समीक्षेत जे कुणी विचारू नये ते हिनं एका शेंगेत विचारलं. म्हणून सांगतो, हेडफोन लावा, दार लावून घ्या.

दोषारोप कमी पडले तर हे घ्या. केट मार्श नावाच्या छळल्या गेलेल्या मुलीचा फोन मॅक्सनं उचलला, तर क्लोई तोंड फुगवते. प्रिन्सिपॉलच्या खोलीत अपंग विद्यार्थ्यांच्या निधीचं पाकीट सापडतं, तर पोरीचा हात तिकडं जातो. शाळेतल्या नेथनला बाथरूममध्ये धमकावून पैसे उकळायला जाते आणि गोळी खायची वेळ आणते. हे सगळं खरं आहे. तिच्यासोबत एका घरात राहणं सोपं नाही, हे मीही मान्य करतो. फक्त एक पथ्य पाळा: हरवलेल्या मैत्रिणीची, रेचल अंबरची, पोस्टर गावभर कोण चिकटवत फिरतंय, ते बघू नका. पोलिसांपासून शाळेपर्यंत सगळ्यांनी जिचा नाद सोडला तिला ही वाया गेलेली पोरगी एकटी शोधतेय, हे ध्यानात आलं तर दोषांची यादी हातातून गळून पडायची.

पुरुषांच्या बाबतीत मात्र असा कडकपणा नको, तिथं मन मोठं ठेवा. 'गॉड ऑफ वॉर'च्या क्रेटॉसच्या हातून, फसवणुकीनं का होईना, बायको-पोर मेली. मग त्यानं सूडापायी ऑलिंपसचे देव एकेक करून संपवले आणि जगाची वाट लावली. तो 'आतून तुटलेला बाप'. त्याचं स्टिकर बुलेटच्या टाकीवर शोभतं. 2013 च्या 'द लास्ट ऑफ अस'मध्ये जोएलनं एका पोरीसाठी हॉस्पिटलभर मुडदे पाडले, अख्ख्या मानवजातीच्या लशीवर पाणी सोडलं. ते बापाचं काळीज, राव! बघता बघता डोळे भरून येतात. आणि मॅक्सनं एका पोरीसाठी एक गाव वादळाच्या तोंडी दिलं तर? बावळट. असल्या पोरीसाठी कुणी गाव घालवतं का? हा हिशेब कुणी कागदावर मांडायला सांगितला तर रेंज नाही म्हणा आणि फोन ठेवा.

येऊ शेवटाकडे. दीपगृहाजवळ दोघी उभ्या, खाली समुद्रातून गावाकडे येणारं चक्रीवादळ. क्लोईला वाचवायचं की आर्केडिया बेला, एवढाच प्रश्न. मॅक्सनं वेळ फिरवून तिला ज्या बाथरूममध्ये नेथनच्या गोळीपासून वाचवलं, त्याच क्षणात मागं जाऊन या वेळी हात आवरायचा, की गाव वाचलं. इतकी स्वार्थी पोरगी आता गयावया करणार, पाय धरणार, असं तुम्हाला वाटेल. पण इथं नेमकं पाणी प्यायला उठा, कारण ज्यातून त्या क्षणात मागं जाता येतं तो फुलपाखराचा फोटो तीच मॅक्सच्या हातात देते. मला जाऊ दे म्हणते. डायनरमध्ये राबणाऱ्या आईनं असं वादळात मरू नये म्हणते. आणि ज्यानं तिच्यावर हात उचलला त्या सावत्र बापाचासुद्धा विचार करते.

पाणी पिऊन या आणि गाव वाचवा. वाचवायलाच पाहिजे, गाव ते गाव. त्या बाथरूममध्ये क्लोई मरते ती मैत्रीण परत आली होती हे न कळताच, पण तुम्ही त्यात अडकू नका. पुढं टक्केवारीचा पडदा येतो, जगभरातल्या किती जणांनी काय निवडलं त्याचा. तिथं आपल्या बाजूला किती लोक आहेत ते बघून घ्या, बरं वाटतं. जेवायला बसल्यावर आईनं विचारलं, "त्या निळ्या केसांच्या पोरीचं काय झालं रे शेवटी?" तर सांगा, बॅटरी संपली. अजून भात वाढायचा राहिलाय.